दोन बादल्यांतले पाहुणे

मोतीरामच्या पायातला नारूचा जंत असा बेरकी, की काडीला गुंडाळावा तेवढा परत आत शिरायचा. आरोग्यखात्याच्या साहेबांनी काल दोन बादल्यांत पिण्याच्या पाण्याच्या बारवेतले मासे सोडले अन् एकीतच पाण्यातला नारू मारायचं औषध घातलं. मासे जगले, तरच सरपंच बारवेत औषध टाकू देणार होते. उजाडताच मोतीराम लंगडत पोचला, तर औषधातले मासे उताणे! “पाह्यलं? हा साहेब गाव मारते!” सरपंचांनी औषधाची बाटली फोडायला दगड उचलला. मोतीरामनं धडपडत साध्या पाण्याच्या बादलीत डोकावलं. तिथलेही उताणे, अन् वर कणकेच्या गोळ्यांची साय! “हे कोनं केलं बे?” तो ओरडला. त्याची बायको सुभद्राबाई पुढं आली. “म्या! पाहुण्याले उपाशी ठेवतेत का? दोन्ही बादल्याईत सारखंच वाढलं.” सरपंचांनी दगड खाली टाकला. “अती खाऊन मेले! नवे धरा,” साहेब म्हणाले. “धरतो साहेब, पण आधी हिले माहेरी पोचवतो!”