डोंगराचं लाकूड

साहेबांच्या दालनात मऊ खुर्च्यांची रांग होती, पण मुखिया बसला होता मधोमध एका बुटक्या तिवईवर. अंगात कोट, पायांत करकरीत बूट आणि गुडघे हनुवटीपर्यंत आलेले. ध्यान दिसत होतं नुसतं. पण कायदाच तसा होता. डोंगर खाणीला द्यायचा तर तिथल्या माणसांच्या मुखियाची संमती हवी, आणि ती त्याने रूढीप्रमाणे तिवईवर बसून दिलेली हवी. सरकारचं रूढीवरचं प्रेम अगदी उतू चाललं होतं.

तिवई त्याच्या आईने आणली होती. ती घरातल्या थोरल्या बाईच्या ताब्यात असते. तीच मुखियाला बसवते आणि तीच उठवते. त्यातलं ‘बसवते’ तेवढं कायद्यात आलं होतं.

“घ्या, करा सही,” साहेब म्हणाले.

“ऊठ,” दाराशी उभी असलेली आई म्हणाली.

मुखियाने मान वर केली नाही. याच एका शब्दावर त्याचे वडील भर सभेत, बोलणं अर्ध्यावर टाकून उठले होते.

“आई, घरी बोलू.”

“घरी मी तुला जेव म्हणते. इथे ऊठ म्हणतेय. सगळ्यांनी मिळून नाही म्हटलंय, आणि तू हो म्हणायला बसलास?”

“मावशी, बाहेर थांबा,” साहेब म्हणाले. “सरकारी काम चाललंय.”

“तुझं चाललं असेल. बसलाय तो माझ्या तिवईवर.”

साहेब हसले. “नियमात उठवण्याचं काही नाही, मावशी. बसलेला दिसला की आम्हाला पुरे.”

टेबल उंच पडत होतं, म्हणून मुखियाने कागद गुडघ्यावर घेतला आणि सही केली. उठला मात्र नाही. शिपायाने टाळ्या वाजवल्या, एकट्यानेच.

आईला लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला. परका असता तर ती त्याच्या तोंडावर थुंकली असती.

“तिवई न्या आता,” साहेब म्हणाले.

“ठेव तुझ्याकडेच. ऊठ म्हटल्यावर जिच्यावरचा माणूस उठत नाही, ती आम्ही घरात घेत नाही. चहा ठेव तिच्यावर.”

आवारात डोंगरावरची माणसं उन्हात बसून होती. तिचे रिकामे हात सगळ्यांना दिसले.

“कुंपणानेच शेत खाल्लं,” एक म्हातारा म्हणाला.

आई त्यांच्यातल्या सुतारासमोर जाऊन उभी राहिली. “नवी कर.”

“लाकूड त्या डोंगरावरचंच लागतं, काकी. दुसरं चालत नाही.”

“मग आजच आणू. चला.”

माणसं कपडे झटकत उठली. तेवढ्यात मुखिया धावत फाटकाशी आला आणि आडवे हात करून उभा राहिला.

“आई, डोकं फिरलंय का तुझं? आता तिथलं झाड तोडणं गुन्हा आहे. पोलीस उचलून नेतील सगळ्यांना!”

“कुणाच्या सहीने?”

त्याने एक हात खाली घेतला. मग दुसराही.

“आणि नव्या तिवईवर बसवणार कुणाला?” त्याने विचारलं.

“ऊठ म्हटल्यावर उठेल त्याला.”

सुताराने खांद्यावरची कुऱ्हाड सारखी केली. मुखियाला वळसा घालून माणसं एकेक करत बाहेर पडली आणि डोंगराच्या रस्त्याला लागली. आई सर्वांत पुढे होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

आतून शिपाई आला.

“साहेब बोलावताहेत. तिवईवर बसलेला फोटो राहिलाय. या लवकर, कप उचललेत तिच्यावरचे.”