न दिलेले राजीनामे

“हा राजीनामा क्रीडा मंडळात देऊन ये. मुलींना खो-खो शिकवणं आता माझ्याच्यानं होत नाही,” हे वैतागून म्हणाले.

यंदाचे आधीचे तीन मी दिलेच नव्हते. चौथ्यासह सगळे डॉक्टरांच्या टेबलावर मांडले.

“तारखा बघा. टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतलं की दोन आठवडे यांची शिट्टी मैदानभर ऐकू येते. तिसऱ्या आठवड्यात राजीनामा.”

रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, “पुढच्या इंजेक्शनआधीच्या दिवसांत पातळी फारच खाली येते. डोस कमी करून तीनऐवजी दर दोन आठवड्यांनी देऊ.”

रिक्षात हे पुटपुटले, “म्हणजे मंडळाला काहीच माहीत नाही?”

“अहो, सत्त्याहत्तर साली मिरजेला अंतिम सामना हरलात, तेव्हाचा राजीनामाही माझ्याच ट्रंकेत आहे. उद्या सहाला मुली मैदानावर वाट बघतील.”