कोमट पाइप

गाडी आठवडाभर बंद होती, म्हणून मास्तरीणबाईंनी ती ओढूनच गॅरेजात आणवली.

"वडिलांची आहे, काका. लांब जायचंय. वाटेत फुटायच्या आधीच पाण्याचे पाइप बदलून टाका."

मेकॅनिककाकांनी बॉनेट उघडून रेडिएटरचा वरचा पाइप चिमटीत दाबला. जुनं रबर एकतर ताठरतं, नाहीतर फुगतं. तीस वर्षं ते हेच बघत आले होते. हे मात्र कोमट होतं, घामेजलेलं, आणि त्यावर बारीक लव होती.

काकांना शिसारी आली. फडक्याला तीनदा हात पुसले, तरी बोटांना न धुतलेल्या तोंडाचा वास येत राहिला.

"हा कोणी बसवला होता, बाई?"

"बाबांनीच. शेवटच्या आजारपणात."

काकांनी पाइपवर सुरी टेकवली.

पाइपने आवंढा गिळला.