बावीस चौकोन

“बावीसच्या बावीस बरोबर,” चौकशी अधिकारी बाई कागद उलटत म्हणाल्या. “अपघाताच्या दिवशीसुद्धा.”

सुरक्षा अधिकाऱ्यांनी नम्रपणे मान खाली घातली. डोंगरमाथ्यावरच्या त्या खडीच्या खाणीत त्यांना सगळे टिकसाहेब म्हणत, आणि ते काही उगाच नाही. रोज सकाळी चौदा ट्रक, दर ट्रकचा एक कागद, दर कागदावर बावीस चौकोन. ब्रेक, दिवे, टायर, आरसे, अगदी प्रथमोपचाराच्या पेटीपर्यंत. टिकसाहेब डोळ्यांत तेल घालून एकेका चौकोनात बरोबरची खूण करत. चौकोनाबाहेर कधी रेघ गेली नाही. एवढा सगळा व्याप ते चहा निवायच्या आत उरकत, तेही खुर्चीवरून न उठता. ट्रक बाहेर उभे असत, आणि बाहेर धूळ फार.

गेल्या सोमवारी सात नंबरचा ट्रक खडी भरून उताराला लागला तो थांबलाच नाही. खालच्या वळणावर शिंप्याचं दुकान होतं. आता नाही. शिंपी वाचला, पण त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. ड्रायव्हर म्हणाला, ब्रेक लागले नाहीत. कंपनी म्हणाली, ड्रायव्हरने गाडी पळवली. कंपनीकडे कागद होता. ड्रायव्हरकडे प्लास्टरमधला हात होता.

तो दाराजवळच्या बाकावर बसला होता, शेजारी बायको. दोष त्याचा निघाला की लायसन्स जाणार, खटला मागे लागणार आणि शिंप्याचा पाय जन्मभर त्याच्या नावावर राहणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. बायको त्याच्या प्लास्टरवरची धूळ बोटाने पुसत होती. पुसण्यासारखं तेवढंच हाताशी होतं.

“मी आठ दिवस सांगत होतो, बाई,” तो म्हणाला.

“कुठे लिहिलंय का, बाबा?” मालकांनी प्रेमाने विचारलं. मालक कामगारांशी नेहमी प्रेमानेच बोलत. त्याला खर्च येत नाही.

लिहिलेलं कुठेच नव्हतं. निदान फायलीत नव्हतं. ट्रक दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने दिलेली एक चिठ्ठी टिकसाहेबांच्या खणात, टाचण्यांच्या डबीखाली पडली होती: ‘सात आणि नऊ. ब्रेकचे लायनर संपलेत. गाड्या बाहेर काढू नका.’ पण त्या चिठ्ठीवर एकही चौकोन नव्हता. टिक करायला जागाच नसेल तर माणसाने करायचं काय? त्यांनी ती मालकांना दाखवली होती. मालक म्हणाले, “बघू पुढच्या महिन्यात.” मग पुढचा महिना यायच्या आत सोमवार आला.

बाईंनी सुस्कारा टाकला आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: ‘दोष चालकाचा.’ बाकावर बायकोचं बोट थांबलं. टिकसाहेबांना वाईट वाटलं. खरंच वाटलं, ते काही दगडाचे नव्हते. मनातल्या मनात त्यांनी वाईट वाटण्याच्याही चौकोनात खूण केली.

“आता अपघाताची जागा तेवढी बघायची राहिली,” बाई पेन बंद करत म्हणाल्या. आधी निकाल लिहायचा आणि मग जागा बघायची, अशीच त्यांच्या खात्याची पद्धत होती. “माझी गाडी पाचला येईल. तोवर खाली जायची काही सोय?”

मालकांची स्वतःची मोटार कालच सर्व्हिसिंगला गेली होती. ब्रेक दाबला की किंचित आवाज यायचा, आणि असल्या बाबतीत ते फार दक्ष असत. “सोय कसली विचारता, बाई. आमचा नऊ नंबर आत्ता निघतोच आहे. त्यातूनच जा, म्हणजे आम्ही गाड्या कशा ठेवतो तेही कळेल. टिकसाहेब, बाईंबरोबर बसा आणि जागा दाखवा.”

ती चिठ्ठी मालकांना आठवतही नव्हती. आठवण ठेवायला त्यांनी पगारी माणूस नेमला होता.

टिकसाहेबांनी खिडकीतून पाहिलं. नऊ नंबर काठोकाठ भरून उभा होता. त्याचा ड्रायव्हर वाकून चाकाखालचा दगड काढत होता. इतक्या वर्षांत टिकसाहेब पहिल्यांदाच एखादा ट्रक नीट बघत होते.

“आपण पायी जाऊ या का, बाई?”

“सहा किलोमीटर?”

“हवा छान आहे,” टिकसाहेब कपाळावरचा घाम पुसत म्हणाले. बाहेर ऊन असं होतं की पत्र्याला हात लावायची सोय नव्हती.

“मग तुम्ही या रमतगमत. मी ट्रकने पुढे होते,” असं म्हणून बाई पायरी उतरल्या. ट्रकच्या दाराला त्यांनी हात घातला.

“नको,” टिकसाहेब म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. “त्यात बसू नका.”

मालक खोकले. “अहो, असं काय करताय? आज सकाळीच ना तपासलात तुम्ही?”

बाई परत आत आल्या. त्यांनी आजचा कागद शोधून काढला. नऊ नंबर, पहिला चौकोन, ब्रेक. बरोबरची खूण अगदी सुबक होती. त्यांनी कागदावरून नजर उचलून टिकसाहेबांकडे नुसतं पाहिलं. टिकसाहेबांनी खण ओढला, टाचण्यांची डबी बाजूला सारली आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली. बाईंनी ती दोनदा वाचली. मग पेन उघडून शेवटच्या रकान्यातली ओळ खोडली.

बाकावरचा ड्रायव्हर उठून टेबलापाशी आला. तो रागावला असता तर टिकसाहेबांना बरं वाटलं असतं.

“त्या सोमवारी मीही नको म्हणालो होतो, साहेब,” तो म्हणाला. “तुम्ही मला कागद दाखवलात.”