लाजरी मरिया

"त्या साठीच्या बाल्दोशी मी मेले तरी लग्न करणार नाही!" दोन्ही तळवे पुढे करून मागे सरकत मी बाबांवर ओरडले.

फ्लॉरेन्समधल्या आमच्या चर्चसाठी चित्र काढायला बाबांनी बोलावलेला लापो कोपऱ्यात बसला होता. "हलू नकोस पोरी! 'तू देवाची आई होणार' असं देवदूताने सांगितलं, तेव्हा मरिया अश्शीच लाजली असेल!" असं म्हणत त्या मेल्याने माझे हात भराभर कागदावर उतरवले.

चार महिन्यांनी चर्चमध्ये त्याच चित्राखाली मला बाल्दोशेजारी उभं केलं. पाद्र्याने तीनदा विचारलं, "कबूल आहे ना?" मी दात आवळले. शेवटी त्याने वैतागून वर बोट दाखवलं.

 

"ती मरिया बघ जरा! होकार असा द्यायचा असतो."