डब्याचा भोंगा

सिग्नल तोडून पळालेली मोटरसायकल पुढे, पोलिसांची जीप मागे. सायरन एकसारखा वाजत होता.

"नंबर मिळालाय त्याचा," वायरलेसवरून आवाज आला. "सोडून द्या. घरी जाऊन उचलू."

"आता कसा सोडू? हातातोंडाशी आलाय," चालक म्हणाला. बोलायचे बटण मात्र त्याने दाबले नाही.

शेजारी हवालदार एका हाताने दांडी, दुसऱ्या हाताने टोपी धरून बसले होते. "हळू रे बाबा. मला अजून पेन्शन खायची आहे."

मोटरसायकल डावीकडे वळली. चालक मोठ्याने हसला. "मेला की! आमच्याच गल्लीत शिरला. पुढे रस्ता बंद आहे."

"भर दुपारी भोंगा वाजवत चाललायस," हवालदार म्हणाले. "तुझी आई डबा घेऊन येईल बघ."

ही त्यांची रोजची थट्टा. गस्तीवर असला की चालक दुपारी गल्लीच्या तोंडाशी सायरन वाजवी आणि आई डबा आणून देई. घरात सगळे त्या सायरनला डब्याचा भोंगाच म्हणत.

चालकाने चाक वळवले. चेहऱ्यावर अजून हसू होते.

जीप नेहमी पलीकडच्या बाजूला थांबे, म्हणून आई रस्ता ओलांडत होती. मधोमध आली होती. भरधाव येणारी जीप पाहून ती बाजूला झाली नाही. मुलाला जरा सबुरीने घे म्हणावे, तसा तिने मोकळा हात वर केला. दुसऱ्या हातात डबा होता.

ब्रेक लागला तो नंतर.

डबा घरंगळत गटाराच्या कडेला जाऊन थांबला. झाकण उघडले नव्हते.

मोटरसायकलवाला पळत परत आला. त्याने अंगातले जाकीट काढून तिच्या डोक्याखाली सारले. "आजी," तो म्हणत होता, "आजी, डोळे उघडा ना."

त्याला कोणी धरले नाही. चालक जीपच्या दाराला धरून उभा होता. आत हवालदार सायरन बंद करायचे बटण शोधत होते; रोजचे बटण, पण बोटांना सापडेना.

"सोडलंत ना त्याला?" वायरलेसने विचारले.

समोरच्या घराचे दार उघडले. चालकाची बायको लगबगीने पायरी उतरली.

"अहो, निघू नका! आई पाण्याची बाटली विसरल्या."