लेकीचं गोड औषध
"बाबांना केमोनंतर ताप आला, तर घरी औषध देऊ नका, थेट घेऊन या," नर्सनं बजावलं होतं. मी कडेवरच्या लेकीला सांभाळत नुसती मान डोलावली. बाबांना सांगितलंही नाही. त्यांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरलेला. आज ते पांघरुणात कुडकुडत होते, पण थर्मामीटरवर ताप नव्हता. "बघ, उगाच घाबरतेस," ते म्हणाले. तेवढ्यात लेकीच्या तापाच्या औषधाची बाटली रिकामी दिसली. लेक तर ठणठणीत होती. "बाबा, तुम्ही प्यायलात?" "तू तिच्या शिंकेलाही घर डोक्यावर घेतेस. म्हटलं, माझ्या तापाची भर नको. गोड आहे गं!" हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, "पांढऱ्या पेशी घटल्यात. औषधानं ताप लपला, संसर्ग वाढला." मी आयसीयूबाहेर बसलेय. तुमच्याकडे केमो घेणारं कुणी "मला काय झालंय" म्हणत असेल, तर उठा, जाऊन बघा.